दालचिनी औषध आहे ना, मग डोस कोण सांगणार?

सोलापुरात हल्ली ज्या घरात शुगरचा पेशंट आहे त्या घरात दालचिनीच्या पावडरची बाटली असतेच असते. पार्क चौकात सकाळी फिरायला येणारे रिटायर्ड लोक असोत नाहीतर पूर्व भागातले यंत्रमागावरचे कामगार, सगळ्यांचा फॉर्म्युला एकच, उपाशीपोटी कोमट पाणी, त्यात चमचाभर दालचिनी, वरून मध, आणि महिन्या-दोन महिन्यांत गोळी बंद. आता माझं छोटं मेडिकल आहे अक्कलकोट रोडच्या बाजूला, त्यामुळं ह्या 'गोळी बंद'चं पुढं काय होतं ते मला काउंटरच्या आतून रोज दिसतं, म्हणून हे लिहायला घेतलंय.

आयुर्वेदाशी माझं भांडण नाही हे आधीच सांगतो. माझ्याच दुकानात सितोपलादि आहे, त्रिफळा आहे, अविपत्तिकर आहे, आणि खोकल्याला मी स्वतः सितोपलादि मधात कालवून घेतो. दालचिनीत काहीच दम नाही, सगळं थोतांड आहे असंही मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की तिला औषध म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण मग औषधाला जे विचारतो ते तिला पण विचारू द्या की. कुठली साल, किती ग्रॅम, किती दिवस, दुसऱ्या गोळ्यांबरोबर चालते का. ह्यातलं एकही जो पुडीवर लिहीत नाही त्यानं ती मसाला म्हणून विकावी, शुगरचं औषध म्हणून विकू नये, आणि विकत असेल तर त्याला अडवायला ज्यांना पगार मिळतो त्यांनी अडवावं.

बरं, ही शुगरवाली गोष्ट हवेतून आलेली नाही हे पण मान्य करायला पाहिजे. २००३ साली डायबेटिस केअर नावाच्या मोठ्या जर्नलमध्ये पेशावरच्या लोकांचा एक अभ्यास छापून आला होता. ६० पेशंट, टाइप टू डायबेटिसचे, त्यातल्या कुणाला रोज १ ग्रॅम, कुणाला ३ तर कुणाला ६ ग्रॅम दालचिनी कॅप्सूलमधून दिली, बाकीच्यांना नुसत्याच डमी कॅप्सूल, असं ४० दिवस. दालचिनी घेणाऱ्यांची उपाशीपोटीची शुगर १८ ते २९ टक्क्यांनी खाली आली, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ते पण उतरले. आकडे दणदणीत आहेत, आणि नंतर जगभर जे काही दालचिनी-दालचिनी सुरू झालं त्याला ह्याच अभ्यासानं मोठा जोर दिला. पण आपल्याकडं तो ज्या रूपात पोचला त्यात दोन गोष्टी वाटेतच गळाल्या. पहिली म्हणजे त्या ६० जणांच्या शुगरच्या गोळ्या चालूच होत्या. कुणाचीही गोळी बंद करून दालचिनी दिलेली नव्हती! आणि दुसरी, त्यात वापरलेली होती ती कॅशिया, म्हणजे जाड सालीची, जिच्याबद्दल मी पुढं सांगणार आहे.

त्यानंतर खूप जणांनी तेच करून बघितलं आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं. २०१२ ला कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे जे सगळे अभ्यास एकत्र करून चाळून बघतात त्यांनी, १० अभ्यास आणि ५७७ पेशंट धरून सांगितलं की डायबेटिससाठी दालचिनी वापरा म्हणायला पुरेसा पुरावा नाही. लगेच २०१३ ला दुसऱ्या एका गटानं जवळपास तसंच गणित मांडलं, १० अभ्यास, ५४३ पेशंट, तर त्यात उपाशीपोटीची शुगर सरासरी २४-२५ पॉइंटनं कमी दिसली, पण एचबीएवनसी, आपण जिला तीन महिन्यांची शुगर म्हणतो, ती काही लक्षात येण्यासारखी हलली नाही. आता शुगरच्या माणसाचे डोळे, किडनी, पाय वाचणार का हे बऱ्यापैकी त्या तीन महिन्यांच्या आकड्यावरून कळतं, एका सकाळच्या आकड्यावरून नाही. सकाळचा आकडा तर आदल्या रात्री भाकरी एक कमी खाल्ली तरी खाली येतो की.

स्वीडनमध्ये २००७ ला एक मजेशीर प्रयोग झाला, तो मला आवडतो कारण त्यातून हे चालतं कसं ते थोडं कळतं. १४ धडधाकट माणसांना तांदळाची खीर खायला दिली, एकदा साधी आणि एकदा ६ ग्रॅम दालचिनी घालून. दालचिनीच्या खिरीनंतर पोट रिकामं व्हायला जास्त वेळ लागला आणि जेवणानंतरची शुगर कमी चढली. म्हणजे काहीतरी होतंय, नाही असं नाही. पण ६ ग्रॅम म्हणजे दोन-अडीच चमचे, आणि ती माणसं निरोगी, आणि प्रयोग एका जेवणाचा. ह्यावरून वीस वर्षं जुन्या शुगरवाल्या बाईची गोळी कुणी बंद करायला सांगत असेल तर त्याला कोपरापासून नमस्कार.

आता सालीचं. बाजारात दालचिनी म्हणून जे मिळतं ती एकच वस्तू आहे असं आपल्याला वाटतं, आणि तसं वाटण्यात आपली काही चूक नाही कारण दुकानदार पण तसंच विकतो. मधल्या मारुतीच्या भागात मसाल्याच्या कुठल्याही दुकानात जा, पोत्यात असते ती जाड, लालसर तपकिरी, चपट्या नाहीतर एकाच वेटोळ्याच्या तुकड्यांची साल, हातानं मोडायला गेलं तर बोट दुखतं, जिभेवर ठेवली तर झणका लागतो. ही कॅशिया, चीन, व्हिएतनाम, इंडोनेशिया इकडून येणारी. दुसरी असते सिलोनची, श्रीलंकेतून येते, कागदासारखी पातळ, एकात एक अशा कितीतरी पदरांची सुरळी, रंगानं फिकट, चिमटीत धरली तर चुरा होतो, वास मंद आणि चव गोडसर. दोन्ही शेजारी ठेवल्या तर शाळेतलं पोरगं पण फरक सांगेल. पण दळली की संपलं, मग डोळ्याला काही कळत नाही. दरात तिप्पट-चौपट फरक असतो, त्यामुळं पावडरमध्ये काय जात असेल ते मी वेगळं सांगायला नको.

एकदा मी दुकानात सहज विचारलं, ही सिलोनची का? तर मालक म्हणाला, "तुम्हाला मसाल्याला पाहिजे का औषधाला?" म्हटलं औषधाला. त्यानं त्याच पोत्यातली दिली, फक्त जरा सरळ सरळ तुकडे निवडून. वर "ही भारीतली बघा" म्हणून. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला होलसेलवाल्यानं जे नाव सांगितलं तेच तो सांगणार.

(चीनवरून आठवलं, आपल्या सोलापुरानं चीनला डॉ. द्वारकानाथ कोटणीस दिले, १९३८ ला गेले, १९४२ ला तिथंच वारले, तिकडं आजही त्यांचं नाव आदरानं घेतात. त्या मानानं ही जाड साल म्हणजे परतफेड जरा कमीच झाली.)

गंमत म्हणजे आपल्या देशाच्या कायद्याला हा फरक नीट माहीत आहे. फूड सेफ्टीच्या २०११ च्या नियमांत 'दालचिनी' आणि 'तज' अशी दोन वेगळी मानकं लिहिलेली आहेत, दालचिनी म्हणजे सिलोनच्या जातीच्या झाडाची आतली साल, आणि कॅशिया किंवा तिच्या चुलत बहिणींची साल असेल तर तो तज. म्हणजे तज दालचिनी म्हणून विकणं हे कागदावर चूकच आहे. आणि त्याच सुमाराच्या दुसऱ्या नियमात असंही आहे की दळलेला मसाला पॅकिंगशिवाय विकायचाच नाही. आता तुम्हीच सांगा, सुट्टी पावडर, वर्तमानपत्राच्या कागदात पुडी बांधलेली, तुम्ही शेवटची कधी घेतली? आमच्याकडं तर ती अजूनही मिळते. नियम आहे मुंबईच्या फाइलीत आणि पावडर आहे बाजारात, दोघांची भेट काही होत नाही.

ह्या दोन सालींतला फरक चवीपुरता असता तर मी एवढं डोकं लावलं नसतं. फरक आहे कुमारिनचा. कुमारिन हे सालीतच असणारं एक नैसर्गिक द्रव्य आहे, वासाला छान, पण जास्त झालं तर काही लोकांच्या लिव्हरला त्रास देतं. अमेरिकेत ते खाण्यात वेगळं मिसळायला १९५४ पासून बंदी आहे. युरोपच्या फूड सेफ्टी संस्थेनं मर्यादा घालून दिली आहे, वजनाच्या दर किलोला दिवसाला ०.१ मिलिग्रॅम, रोज आयुष्यभर घेतलं तरी चालेल अशी. सिलोनच्या सालीत कुमारिन नावालाच असतं. कॅशियात मात्र ग्रॅममागे सरासरी ३ मिलिग्रॅमच्या आसपास धरा, कमीजास्त खूप होतं ते झाडाप्रमाणं.

आता हिशेब करा. आपली एखादी ५५ किलोची अक्का, तिची दिवसाची मर्यादा झाली साडेपाच मिलिग्रॅम. सपाट एक चमचा पावडर म्हणजे अडीच ग्रॅम, म्हणजे साडेसात मिलिग्रॅम, एका चमच्यातच मर्यादा गेली. सकाळ-संध्याकाळ घेत असेल तर जवळपास तिप्पट. आणि आपल्याकडं चमचा सपाट कोण घेतो, शिगोशिग असतो. जर्मनीच्या अन्नातले धोके तपासणाऱ्या सरकारी संस्थेनं २००६ मध्येच ह्यावर इशारा दिला होता, आणि प्रामाणिकपणे हेही सांगितलं की एखाद-दोन आठवडे मर्यादेच्या वर गेलं तरी लगेच काही होत नाही, आणि त्रास होतो तो पण काही थोड्या संवेदनशील लोकांना. म्हणजे घाबरून जायचं कारण नाही. पण शुगरवाला माणूस हे दोन आठवडे घेत नाही ना, तो वर्षानुवर्षं घेतो, त्याला बऱ्याचदा आधीच फॅटी लिव्हर असतं, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असते, गुडघ्याला म्हणून अधूनमधून पेनकिलर असते, आणि ह्यात आपण वरून अजून एक भर टाकतोय हे डॉक्टरला सांगितलेलं नसतं. का? कारण "ते काय औषध थोडंच आहे, घरातली दालचिनी आहे". आणि शुगर उतरली की मात्र तीच दालचिनी औषध होते. एकाच वस्तूला दोन तोंडांनी बोलायचं म्हणजे अवघड आहे.

मग काळा मसाला पण बंद करायचा का, असं मला एकानं जरा चिडूनच विचारलं. अजिबात नाही. उन्हाळ्यात डंकावर नंबर लावून, घाम गाळत, डोळ्यांतून पाणी काढत कुटून आणलेला मसाला बंद केला तर सोलापूरकराच्या ताटात राहिलं काय. त्याचा पण हिशेब सांगतो. दोन किलो तयार मसाल्यात मिरची, धने, खोबरं, तीळ, दगडफूल, नागकेशर, बाद्यान, जायपत्री हे सगळं आलं, त्यात दालचिनी धरा ५० ग्रॅम. पाच माणसांच्या घरात दिवसाला १० ग्रॅम मसाला गेला तर त्यात दालचिनी पाव ग्रॅम, माणशी आली ०.०५ ग्रॅम, कुमारिन ०.१५ मिलिग्रॅम, अख्खी कॅशिया असली तरी. मर्यादा साडेपाच. म्हणजे आपल्या आज्यांनी जी मात्रा बसवली ती किती बेतानं बसवली होती बघा. मसाल्यातून खाणं आणि चमच्यानं खाणं ह्यात पन्नास पटीचा फरक आहे आणि सगळा वाद त्या पन्नास पटीचाच आहे.

परंपरेचं नाव घेऊन चमचे गिळणाऱ्यांना मी नेहमी सितोपलादि दाखवतो. सोळा भाग खडीसाखर, आठ वंशलोचन, चार पिंपळी, दोन वेलची आणि दालचिनी किती, तर एक. एकतिसात एक. तीन ग्रॅम चूर्ण घेतलं तर दालचिनी पोटात गेली जेमतेम ०.१ ग्रॅम. त्रिजात, चातुर्जात ह्या आयुर्वेदातल्या मिश्रणांमध्ये पण ती वेलची, तमालपत्र, नागकेशर ह्यांच्यासोबत येते, एकटी मिरवत नाही, आणि वैद्य ती देताना प्रकृती बघतो, ऋतू बघतो, कारण उष्ण आहे. आमच्या सोलापूरच्या मे महिन्यात, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला असताना उपाशीपोटी दोन चमचे दालचिनी घ्या असं कुठला शहाणा वैद्य सांगेल? तोंड येतं, छातीत जळजळतं, मग माणूस माझ्याकडं येतो ॲसिडिटीची गोळी मागायला. उपयोग नाही असं नाही. पोट गच्च होणं, गॅस, भूक न लागणं ह्यासाठी दालचिनीची साल जगभर जुन्या काळापासून वापरतात, जागतिक आरोग्य संघटनेनं औषधी वनस्पतींवर जे १९९९ ला छापलंय त्यात पण तिचे हेच उपयोग दिलेत, आणि गरोदरपणात औषध म्हणून घेऊ नका हेही दिलंय. ही दुसरी ओळ मात्र कुठल्याच बाटलीवर मला आजवर दिसलेली नाही.

मध-दालचिनीवाला मेसेज तर सगळ्यांकडं असेलच, त्यात सांधेदुखीपासून टक्कल पडण्यापर्यंत सगळं बरं होतं, हार्ट, कॅन्सर, काही सोडलेलं नाही. त्याच्या इंग्रजी मूळात हवाला दिलेला असतो वीकली वर्ल्ड न्यूजचा, १९९५ च्या जानेवारीतल्या अंकाचा, आणि हे कॅनडातलं मासिक आहे असं पण लिहिलेलं असतं. ते मासिक नव्हतंच, अमेरिकेतलं एक चटपटीत साप्ताहिक होतं, अर्धा माणूस अर्धं वटवाघूळ असलेलं पोरगं गुहेत सापडलं अशा बातम्या छापणारं. त्याच्या नावानं चाललेला मजकूर आज तीस वर्षांनी मराठीत 'ऋषीमुनींनी सांगितलेला उपाय' म्हणून फिरतोय. आणि त्यातला मध! शुगरच्या माणसाला उपाशीपोटी मध. मधात ऐंशी टक्क्यांच्या आसपास साखरच असते, मोठा एक चमचा मध म्हणजे सोळा-सतरा ग्रॅम साखर. एका हातानं शुगर उतरवायची आणि दुसऱ्या हातानं चढवायची, वर म्हणायचं नैसर्गिक आहे.

नैसर्गिक आहे म्हणजे साइड इफेक्ट नाही, हे वाक्य तर मी दिवसातून ऐकतोच. अहो, ज्या मेटफॉर्मिनला तुम्ही 'केमिकलची गोळी' म्हणता तिचं मूळ पण एका झाडात आहे. युरोपात गॅलेगा नावाची वनस्पती होती, जुन्या काळी लोक ती सारखी तहान, सारखी लघवी ह्या तक्रारींवर द्यायचे. त्यातलं जे द्रव्य शुगर उतरवत होतं ते विषारी निघालं. मग केमिस्ट लोकांनी त्याच धर्तीचं पण सौम्य असं रसायन बनवलं, १९२२ मध्ये मेटफॉर्मिन पहिल्यांदा तयार झालं, आणि डायबेटिसच्या पेशंटला देऊन त्याचे निकाल फ्रान्समध्ये ज्याँ स्टेर्न ह्या डॉक्टरनं छापले ते १९५७ ला. मध्ये पस्तीस वर्षं गेली. वनस्पतीतून औषध होतं ते असं, कुणीतरी बसून मोजतं, चुकतं, पुन्हा मोजतं, किती दिलं तर काय होतं ते लिहून ठेवतं. दालचिनीसाठी हे कुणी करत असेल तर मी पहिला टाळ्या वाजवीन. आपण मात्र मोजायचं काम वगळून थेट बाटली भरायला बसलोय.

एक मुद्दा मात्र मला खरंच विचार करायला लावतो, तो म्हणजे गरिबाला दवाखाना परवडत नाही म्हणून तो घरगुती उपायाकडं जातो. विड्या वळणाऱ्या बायका माझ्या गिऱ्हाईक आहेत, सिव्हिलला गेलं तर एक दिवसाची मजुरी बुडते, लाइनीत उभं राहायचं, घरी त्याच दिवशी नेमकं नळाला पाणी यायचं असतं, हे सगळं खरं आहे. पण पैशाचाच हिशेब करायचा तर तो पण नीट करा. मेटफॉर्मिनची साधी दहा गोळ्यांची पट्टी जनऔषधीत चहाच्या एखाद-दुसऱ्या कपाच्या पैशात येते. आणि एका अक्कानं मला जी बाटली दाखवली ती १०० ग्रॅमची, साडेतीनशे रुपयांची. वर लिहिलंय 'शुगर मुळापासून खल्लास', झाडाचा फोटो आहे, एका दाढीवाल्या बाबांचा फोटो आहे. बॅच नंबर नाही, लायसन नंबर नाही, तारीख नाही, कुठली साल ते नाही. मी झाकण काढून वास घेतला, झणझणीत, म्हणजे बहुतेक जाडीच. म्हटलं, "अक्का, गोळी चालू हाय ना?" तर म्हणाल्या, "कशाला अण्णा, हे घ्यायलाव की आता, दोन-दोन कशाला." पुढच्या खेपेला आल्या तेव्हा पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती आणि तीन महिन्यांची शुगर दहाच्या वर. दालचिनीनं हे केलं असं मी म्हणत नाही, गोळी बंद केल्यानं झालं. पण गोळी बंद करायचा धीर त्यांना कुणी दिला? त्या बाटलीनं दिला.

१९५४ चा एक कायदा आहे, जादूटोण्यासारख्या औषधांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा, त्यात कुठल्या आजारांसाठी बरं करायचा दावा जाहिरातीत करायचा नाही त्याची यादी आहे आणि त्या यादीत डायबेटिस आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सत्तर वर्षं झाली. तरी आपल्या इथं रिक्षाच्या मागं, केबलच्या पट्टीवर, जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा भरला की होम मैदानाच्या आसपास, 'शुगर कायमची घालवा' हे उघड उघड असतं. माझ्या मेडिकलमध्ये मात्र फ्रिजचं टेंपरेचर रजिस्टरला लिहिलं का ते बघायला तपासणी होते, आणि व्हायलाच पाहिजे, माझी त्याला तक्रार नाही. माझी तक्रार ही आहे की माझ्याकडच्या दोन रुपयांच्या गोळीला जेवढी चौकशी आहे तिच्या एक दशांश तरी त्या साडेतीनशेच्या बाटलीला लावा. चार ठिकाणचे नमुने उचला, लॅबला पाठवा, साल कुठली, कुमारिन किती, शिसं आहे का ते बघा. शिसं हे मी उगाच घुसडत नाही, २०२३ ला अमेरिकेत लहान मुलांच्या सफरचंदाच्या गराच्या पाउचमध्ये घातलेल्या दालचिनी पावडरीत शिसं निघालं, शेकडो पोरांच्या रक्तात ते गेलं, रंग आणि वजन वाढवायला कुणीतरी मिसळलं असावं असा तिथल्या यंत्रणेचा संशय. तिकडं रक्त तपासलं म्हणून कळलं. इकडं तपासतंय कोण.

आणि ह्यात अजून एकाचं नुकसान होतंय, ज्याचं नाव कुणी घेत नाही, तो म्हणजे कोकणातला शेतकरी. सिलोनच्या जातीची दालचिनी आपल्याच राज्यात होते, दापोलीच्या कृषी विद्यापीठानं 'कोकण तेज' नावाची जात काढली आहे, नारळी-पोफळीच्या मधल्या जागेत लावतात. त्यानं साल सोलून, वाळवून, सुरळी करून बाजारात आणली तर त्याच नावानं एक तृतीयांश भावात जाड साल शेजारी बसलेली असते. पुडीवर जात लिहायची सक्ती खरोखर पाळली गेली तर त्याला चार पैसे मिळतील आणि आपल्याला खरी वस्तू. ह्यासाठी नवीन कायदा पण लागत नाही, आहे तोच लावा.

मग आता घ्यायची का नाही, हा प्रश्न राहतोच, काउंटरवर पण शेवटी तोच येतो. चहात, भातात, मसाल्यात बिनधास्त खा. चहात साखरेऐवजी दालचिनीचा तुकडा टाकून गोडवा भागत असेल तर उत्तमच, तिथं फायदा कमी झालेल्या साखरेचा आहे. रोज म्हणून घ्यायचीच असेल तर अख्खी पातळ सालीची आणा, बोटानं मोडते का बघा, घरीच मिक्सरला फिरवा, अर्ध्या चमच्याच्या वर जाऊ नका, मध सोडा, आणि घेताय हे डॉक्टरला तोंडानं सांगा, लिव्हरचा काही त्रास असेल किंवा रक्त पातळ व्हायची गोळी असेल तर विचारल्याशिवाय सुरूच करू नका. शुगरची गोळी चालूच ठेवायची. तीन महिन्यांनी एचबीएवनसी करा, कमी आली तर रिपोर्ट घेऊन जा, गोळी अर्धी करायची का तीच ठेवायची ते डॉक्टर तो आकडा बघून ठरवतील.